जमीन गहाण ठेवू नकोस, गाडी सोडू नकोस

पत्र

ताई,

मी छत्रपती संभाजीनगरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव बीड जिल्ह्यात, वडवणी तालुक्यात. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की घराला कुलूप लागतं, ते उन्हाळ्यातच उघडतं. मी आजीजवळ राहून शिकले. सुट्टीत कोपीवर (तोडीच्या फडाजवळच्या झोपडीवर) जायचे तेव्हा ट्रॉली भरताना बघत बसायचे. वडील ओरडायचे, "मोळ्या मधी टाका, पुढं टाकल्या की चढाला ट्रॅक्टर तोंड उचलतंय." मला गाड्यांची ओढ तिथूनच लागली असावी.

कॉलेजात रेसिंग कार बनवणारी टीम आहे. जानेवारीत स्पर्धा असते. मी टीममध्ये आहे, पण मला रिपोर्ट आणि स्पॉन्सरशिपचं काम दिलंय. सस्पेन्शनला, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागाला, मुलंच आहेत, कारण वर्कशॉप रात्री चालतं आणि आमच्या वसतिगृहाचं गेट सातला बंद होतं. त्यात आता प्रत्येकी १५,००० रुपये वर्गणी मागितली आहे. घरी सांगायची हिंमत नाही.

मला मोटरस्पोर्टमध्येच इंजिनिअर व्हायचंय. एका एजंटानं सांगितलं, इंग्लंडला रेसिंगची एमएस्सी केल्याशिवाय दार उघडत नाही, ३८ लाख लागतील, दोन एकर जमीन तारण ठेवून कर्ज करून देतो. वडील हो म्हणतायत. चुलते म्हणतात, त्यापेक्षा लग्न करून टाका. टीम सोडू का? कर्ज घेऊ का? आणि खरं सांगा, हे क्षेत्र आपल्यासारख्यांचं आहे का?

(नाव छापू नका.)

उत्तर

बाळा,

आधी दोन प्रश्नांची उत्तरं सरळ देते. जमीन तारण ठेवायची नाही आणि टीम सोडायची नाही. तिसऱ्या प्रश्नाकडं वळायच्या आधी तुझ्या वडिलांच्या ट्रॉलीबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे आणि ती तू सहज लिहून गेलीस.

मोळ्या पुढं पडल्या की ट्रॉलीचा भार हुकावर येतो. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागं, म्हणून पुढची चाकं हलकी होतात. चढाला ती आणखी हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहूनही उपयोगाचं राहत नाही. कुठल्या चाकावर किती भार आहे आणि तो कधी कुठं सरकतो, यालाच आमच्या कामात लोड ट्रान्सफर म्हणतात. रेसिंगच्या गाडीचं निम्मं इंजिनिअरिंग या एका गोष्टीभोवती फिरतं, कारण टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर ठरते.

तुमच्याच गाडीचा हिशोब करून बघ. चालकासकट वजन ३०० किलो धर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटर, दोन्ही आसांमधलं अंतर १५५ सेंटिमीटर. ब्रेक मारताना वेग १.२ जी, म्हणजे गुरुत्वाच्या १.२ पट दरानं उतरला, तर ३०० गुणिले १.२ गुणिले ३०, भागिले १५५. जवळजवळ ७० किलो भार मागच्या चाकांवरून उठून पुढं जातो. गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटर खाली आणला की तोच आकडा ६३ च्या आत येतो. हे तू वहीत मांडलंस आणि शेजारी वडिलांचं वाक्य लिहिलंस, तर मुलाखत घेणाऱ्याला तू लक्षात राहशील. लाजून लपवायची गोष्ट नाही ती.

आता हे काम नेमकं असतं काय, ते सांगते. टीव्हीवर कानाला हेडफोन लावलेली माणसं दिसतात ती फार थोडी. फॉर्म्युला वनच्या एका टीममध्ये शेकडो माणसं कारखान्यात बसून काम करतात, आणि शर्यतीच्या ठिकाणी गाडीवर थेट काम करणाऱ्यांची संख्या नियमानंच साठेक जणांवर बांधलेली आहे. बाकीचे हवेचा प्रवाह तपासतात, कंपोझिटचे (कार्बन फायबरसारखे) भाग बनवतात, डॅम्पर म्हणजे शॉकअप चाचणी यंत्रावर लावतात, टायरचा डेटा वाचतात, संगणकावर गाडी आधी पळवून बघतात. यातल्या बऱ्याच जणांकडं साधी मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकलची पदवी असते. नावात रेसिंग असलेली पदवी लागतेच, हे एजंटाचं म्हणणं बरोबर नाही. भरती करणारे विचारतात ते वेगळं: तू काय बनवलंस, ते मोजलंस का, आणि मोजलेलं हिशोबाशी जुळलं नाही तेव्हा काय केलंस?

याची उत्तरं जगभरातली मुलं जिथं गोळा करतात तिथंच तू उभी आहेस. ही विद्यार्थी स्पर्धा अमेरिकेत सुरू झाली, इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला होते, आणि आपल्याकडं फॉर्म्युला भारत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. गाडी आधी ६० अंशात आडवी कलवतात, पेट्रोल-तेलाचा थेंब गळला तरी नापास. ब्रेकला चारही चाकं लॉक व्हावी लागतात. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता यावं लागतं. मग पळण्याच्या चाचण्या, शेवटी २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची चाचणी. १००० गुणांपैकी डिझाइनला १५० असतात, आणि तिथं परीक्षक प्रत्येक भागाला हात लावून एकच विचारतात: हे असंच का?

अशा स्पर्धांत परीक्षकांसोबत मी काही वर्षं बसले आहे. मोठ्या कॉलेजची मुलं रंगीत आलेख घेऊन येतात. "हा डॅम्पर का निवडला?" म्हटलं की बरेचदा उत्तर येतं, "सर, मागच्या वर्षीच्या गाडीत हाच होता." एकदा एका लहान गावच्या टीममधल्या मुलानं खिशातून दोनशे पानी वही काढली. त्यानं जॅकनं चाक पाच-पाच मिलिमीटर उचलून दर वेळी शॉकअपची लांबी व्हर्नियरनं मोजली होती आणि दोन्हींचं गुणोत्तर हातानं आलेखावर मांडलं होतं. आलेख मध्येच वाकडा होता. तो म्हणाला, "इथं आमचा ब्रॅकेट वाकतोय, वेल्डिंगनंतर कळलं, आता वेळ नव्हता." परीक्षक त्याच्याजवळ ठरल्या वेळेपेक्षा बराच वेळ थांबले. इंग्रजी त्याचं मोडकंतोडकंच होतं.

तेव्हा यंदा तुला ही वही तयार करायची आहे. तिला पैसे लागत नाहीत. गवंडी वापरतात तो ओळंबा घे आणि चाकाशेजारी सोड. १३ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोज. सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश कॅम्बर, चाकाचा आत-बाहेरचा कल. फरशी सपाट आहे का, ते गवंड्याच्याच पाण्याच्या नळीनं बघ, नसेल तर खाली पत्रे सरकवून सपाट कर. माणसांचं वजन करायचे चार सारखे काटे गोळा करून चारही चाकांखाली ठेव, चालक बसव आणि आकडे लिही. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी येते का, बघ. नाही आली तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणाला वेगळी वागणार. स्प्रिंगची बैठक फिरवून ते दुरुस्त करता येतं. हे जमलं की सस्पेन्शनच्या मुलांना तुझी वही लागेलच.

मला माहीत आहे, कारण मी असंच केलं. माझे वडील सेलूच्या मोंढ्यात हमाल होते. पॉलिटेक्निक करून वाळूजच्या एका कारखान्यात लागले तेव्हा साहेबांनी मला फायली लावायला बसवलं, मशीनवर मुली नकोत म्हणून. फायलींत शॉकअपच्या चाचण्यांचे कागद असायचे. यंत्र शॉकअपला वर-खाली दामटतं आणि कागदावर अंड्यासारखा आकार उमटतो, एका बाजूला दाबतानाचा जोर, दुसऱ्या बाजूला ओढतानाचा. महिनोन् महिने ती अंडी बघून मला कळायला लागलं की वळणाशी अंडं चपटं झालं म्हणजे तेलात हवा मिसळली आहे. एका रात्री एक आख्खी लॉट त्या खुणेवरून मी थांबवायला लावली. दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर होते. आज २२ वर्षं झाली.

म्हणून तुला मिळालेल्या रिपोर्टच्या कामाकडं नीट बघ. कॉस्ट रिपोर्ट, म्हणजे गाडीच्या खर्चाचा हिशोब, लिहिणाऱ्याला गाडीचा प्रत्येक नटबोल्ट, प्रत्येक वेल्ड, प्रत्येक कापलेला पत्रा मोजावा लागतो. पूर्ण गाडी माहीत असलेली टीममधली एकमेव व्यक्ती तू होऊ शकतेस. पण तेवढ्यावर थांबू नकोस. कॅप्टनला स्पष्ट सांग: कॉस्ट रिपोर्ट मी करते, त्यासोबत सस्पेन्शनची मोजमापं आणि चाचणीचा डेटाही माझ्याकडं. तोंडी सांगून सोडू नकोस, टीमच्या ग्रुपवर लिहून टाक.

गेटचा प्रश्न खरा आहे आणि तो तुझ्या एकटीचा नाही. टीममधल्या सगळ्या मुलींनी मिळून अर्ज करा. त्यात तारखा, वेळा, वर्कशॉपमध्ये हजर राहणाऱ्या सरांचं नाव, परत सोडायची सोय आणि त्यांची सही असू दे. नुसतं "उशीर होईल" म्हटलं तर रेक्टर नाहीच म्हणणार. सही आणि तारखा असल्या की त्यांनाही परवानगी देणं सोपं जातं. आणि वेल्डिंग, मशिनिंग दिवसा लावून घ्या. रात्री तू वसतिगृहात लॅपटॉपवर काम कर. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे, भागांवरचा ताण काढायच्या एन्सिस सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती फुकट आहे, शर्यतीचा डेटा वाचायचं मोटेकचं सॉफ्टवेअर उतरवून घेता येतं. वरचं लोड ट्रान्सफरचं गणित पायथनमध्ये टाकून वळणाचं, ब्रेकचं, दोन्हींचं मिळून काय होतं, ते काढ. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये.

वर्गणीचं असं कर. १५,००० रुपये रोख देण्याऐवजी त्याहून जास्त किमतीचं काम आणून देते, असं टीमला सांग. तू राहतेस त्या शहरासारखं शहर या कामाला दुसरं शोधून सापडायचं नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. शॉकअप, ब्रेक, ॲल्युमिनियमची कास्टिंग करणाऱ्या एन्ड्युरन्स कंपनीचं मुख्यालय तिथंच, व्हॅरॉकचंही तिथंच. त्यांच्या पाठीमागं लहान-लहान शेड आहेत, कुणाकडं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन, कुणाकडं लेझर कटिंग, कुणाकडं पावडर कोटिंग. मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. पैसे मागू नकोस. ड्रॉइंग घेऊन जा आणि मशीनचे चार तास माग, रविवारचे, किंवा उरलेला पत्रा माग. शेडचे मालक बहुतेक आपल्याच भागातले, शिकून नाहीतर हेल्परचे मालक झालेले. ज्या पोरीला आपल्या भागाची जाडी का एवढी हे सांगता येतं, तिला ते रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. पहिल्या पाच ठिकाणी नकार मिळेल, सहाव्या ठिकाणी जा.

आता कर्ज. एजंटाचा आकडा खोटा नाही, इंग्लंडमधल्या वर्षाला फी आणि राहणं धरून तेवढे लागू शकतात. क्रॅनफिल्ड, ऑक्सफर्ड ब्रूक्स ही रेसिंगसाठी नावाजलेली ठिकाणं आहेत, फॉर्म्युला वनच्या बहुतेक टीमचे कारखानेही इंग्लंडमध्येच आहेत, हेही खरं. त्यानं सांगितलं नाही ते हे: पदवी संपल्यावर तिथं थांबायची मुदत ठरावीक असते, त्या मुदतीत नोकरी मिळवायची तर सोबत अनुभव लागतो, आणि नवख्या परदेशी मुलासाठी व्हिसाचा खर्च करायला टीम सहजासहजी तयार होत नाहीत. मुदत संपली आणि नोकरी नसली तर ३८ लाख आणि त्यावरचं व्याज वडवणीतल्या दोन एकरांनी फेडायचं. तुझ्या आई-वडिलांनी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलीच असेल. फेडण्यासाठी हातात धरलेला कोयता कसा असतो, हे तुला मी सांगायला नको. तुझं शिक्षण तसल्या कर्जावर उभं राहू नये, एवढंच मला वाटतं.

बाहेर जायचंच नाही असं मी म्हणत नाही. जायचं शिष्यवृत्तीवर, आणि दोन-तीन वर्षं काम करून. प्रवर्ग तू कळवलेला नाहीस, म्हणून सगळ्यांचं सांगते. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची, मराठा मुलांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात, पण तुमचे दोन एकर आहेत, तेव्हा त्या अटीवर विसंबू नकोस. जे. एन. टाटा एन्डाउमेन्ट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्ज-शिष्यवृत्ती देतं. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पण शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, म्हणजे तिथंच नोकरी धरायची असेल तर ती तुझ्या कामाची नाही.

यात एक मेख आहे, ती आत्ताच लक्षात घे. सरकारी शिष्यवृत्त्या विद्यापीठाचं जागतिक रँकिंग बघतात. रेसिंगच्या अभ्यासक्रमासाठी प्रसिद्ध असलेलं विद्यापीठ त्या यादीत बसेलच असं नाही. अशा वेळी वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठात मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकलची साधी एमएस्सी घेऊन तिथल्या विद्यार्थी रेसिंग टीममध्ये शिरणं जास्त शहाणपणाचं. जर्मनीतही बघ, तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते. फॉर्म्युला वनची स्वतःची इंजिनिअरिंग शिष्यवृत्ती २०२१ मध्ये सुरू झाली, पण ब्रिटन आणि इटलीतल्या ठरावीक विद्यापीठांपुरती. तिच्यावर विसंबून आखणी करू नकोस.

मधल्या दोन-तीन वर्षांसाठी वाळूज, पुणे, होसूर. भारतात रेसिंगमध्ये पगारी जागा कमी आहेत, हे तुझ्यापासून लपवणार नाही. होसूरला टीव्हीएस रेसिंग आहे, हीरोची मोटरसायकल टीम डकार रॅलीत २०१७ पासून उतरते, कोइमतूर आणि चेन्नईच्या आसपास रेसिंग टीमची गॅरेजेस आहेत. तिथं सुरुवातीला पगार तुटपुंजा मिळतो. म्हणून पहिली नोकरी गाडीच्या चाचणीची धर: शॉकअप, ब्रेक, टायर, वाहन चाचणी. पुण्यात एआरएआय, पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणीच्या संस्था आहेत, नॅट्रॅक्सची वेगाची धावपट्टी ११.३ किलोमीटरची आहे. डिझाइनच्या नोकरीच्या मोहात चाचणीची नोकरी सोडू नकोस, हे माझं ठाम मत आहे. मोजणारा माणूस रेसिंगमध्ये कुठंही चालतो. आणि सुट्टी टाकून वर्षातून दोनदा चेन्नईच्या ट्रॅकवर मार्शल, म्हणजे शर्यतीत सुरक्षा सांभाळणारी, म्हणून उभी राहा. तिथली ओळख नोकरीच्या अर्जापेक्षा लवकर पोचते.

आपल्यासारख्यांचं क्षेत्र आहे का, विचारलंस. आजवर नव्हतं. फॉर्म्युला वनचा चालक लुईस हॅमिल्टन याचे वडील मुलाच्या रेसिंगसाठी एकावेळी दोन-दोन, तीन-तीन नोकऱ्या करायचे. सात वेळा जगज्जेता झालेल्या त्या माणसानं रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगला सोबत घेऊन तपासलं की या खेळात कृष्णवर्णीय इंजिनिअर इतके कमी का. २०२१ च्या त्या अहवालात जे आलं ते वाचताना मला आपलीच गावं आठवली: शाळेत मार्ग दाखवणारं कुणी नाही, अनुभवासाठी फुकट काम करायची ऐपत नाही, ओळख नाही. हुशारी कमी आहे असं त्यात कुठंही आलं नाही. तुझ्या बाबतीतही अडचणी त्याच आहेत, आणि त्यातली एकेक कशी काढायची तेच मी वर लिहिलंय.

चुलत्यांशी वाद घालू नकोस. वडिलांना मात्र सुट्टीत एकदा वर्कशॉपमध्ये आण. तुझी गाडी दाखव, चाकांखालचे चार काटे दाखव, आणि भार पुढं-मागं सरकला की आकडे कसे बदलतात, ते त्यांना स्वतः बघू दे. त्यांना ते तुझ्या सरांच्या आधी कळेल. मग सांग, जमीन राहू द्या, मला तीन वर्षं द्या. पहिला पगार आला की लग्नाचा विषय घरात आपोआप वेगळ्या सुरात निघतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटं. तुझ्या कामाचा एकच भाग, तीन मिनिटांत, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. जानेवारीपर्यंत तेवढंच पक्कं झालं तरी पुरे.

आणि गाडी चार चाकांवर उभी राहिली की चारही काट्यांवरचे आकडे मला लिहून पाठव. एकदा चालक बसवून, एकदा रिकामी. कुठल्या दिवशी मोजले, टायरमध्ये हवा किती होती, तेही लिही.

तुझी,
ताई